शिंप्याच्या अंगणातला कांचन

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक पेठ होती आणि त्या पेठेत एक शिंपी राहत होता. त्याचं पाळण्यातलं नाव आता कुणाला आठवत नाही, लहानथोर सगळे त्याला तात्याच म्हणत. तात्याच्या हाताला विलक्षण सफाई होती. त्याने बेतलेला अंगरखा घातला की वाकलेला माणूससुद्धा ताठ दिसतो, असं पेठेत बोललं जाई. त्यातलं थोडं खरं होतं आणि थोडं तात्यानेच पसरवलेलं होतं.

माणूस मनाने फार चांगला. फक्त एक खोड होती. कुठे काही लोंबताना, वाढलेलं, वाकडंतिकडं दिसलं की त्याचा हात आपोआप कात्रीकडे जाई. दारात पाहुणा आला तर आधी त्याच्या बाहीचा सुटलेला दोरा कापायचा आणि मग "या, बसा" म्हणायचं. बोलण्यातही तीच तऱ्हा. गिऱ्हाईक म्हणे, "तात्या, या बाहीचं जरा..." की तात्या म्हणे, "दोन बोटं आखूड. समजलं." बहुतेक वेळा त्याला बरोबरच समजलेलं असे, त्यामुळे कुणी त्याचं मनावर घेत नसे.

आता त्या पेठेतली एक रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. लग्न होऊन येणारी मुलगी माहेरच्या अंगणातलं एक फुलझाडाचं रोप सोबत आणायची आणि सासरच्या अंगणात लावायची. त्या झाडाला पहिला बहर आला की सासरी 'फुलजेवण' व्हायचं. सुनेच्या माहेरच्या माणसांना बोलावणं जायचं, चार घरं जेवायला यायची, घरातलं वडील माणूस ती फुलं सुनेच्या पदरात घालायचं आणि कोठीची किल्ली तिच्या हाती द्यायचं. त्या दिवसापासून ती घरची. मग तिला विचारल्याशिवाय घरात काही ठरायचं नाही. हुशार आया मुलीला मोगरा नाहीतर जास्वंद द्यायच्या. वर्षाच्या आत फुलं येत आणि लेकीच्या हाती किल्ली येई.

तात्याची सून सारजा हिने मात्र कांचन आणला. तिच्या आईच्या दारात एक कांचन होता. त्याच्याच शेंगेतलं बी रुजवून तिने स्वतः वाढवलेलं ते गुडघाभर रोप होतं. फाल्गुनात त्याच्या फांद्यांवर एक पान राहत नाही आणि नुसती जांभळट गुलाबी फुलं येतात, असं तिने घरात सांगितलं होतं. झाड लहानखुरं, घरच्या अंगणात मावणारं. पानं अशी, की जणू प्रत्येक पानाला मधोमध चीर देऊन दोन भाग केलेत. तात्याला ती पानं बघताक्षणी आवडली.

"हे देवाने कात्रीनेच कापलेलं दिसतंय," तो म्हणाला आणि खड्डा खणायला स्वतः बसला.

तात्याची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा आठवड्याच्या बाजारांत कपडे विकायला गावोगाव फिरायचा. घर चालवायची ती तात्याची थोरली बहीण आक्का. कोठीची किल्ली तिच्या कमरेला असे आणि ती किल्ली तिथे चांगली रुळली होती. अशा घरात हसतं बोलतं माणूस आलं याचा तात्याला मनापासून आनंद झाला. म्हणून त्या रोपाचं त्याने जेवढं केलं तेवढं कुणी पोटच्या पोराचं करत नाही. शेणखत घातलं, आळं केलं, शेळ्या येऊ नयेत म्हणून काटेरी कुंपण घातलं. रोप भराभर वाढलं आणि तिसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या भिंतीच्या वर गेलं.

पौष आला आणि त्याची पानं गळली. अंगणात नुसत्या काटक्या उभ्या राहिल्या. एक इकडे, एक तिकडे. तात्या येता-जाता त्यांच्याकडे बघे आणि अस्वस्थ होई. त्यातून संक्रांत जवळ आलेली. हळदीकुंकवाला पेठेतल्या सगळ्या बायका येणार, वाण घेताना अंगणात उभ्या राहणार आणि हे असलं पिंजारलेलं झाड बघणार. तात्याला ते सोसवेना. त्याने लोहाराकडून एक मोठी कात्री करून आणली.

सारजा तांदूळ निवडत ओटीवर बसली होती. ती उठून आली. "मामंजी, या काटक्यांना जरा..."

"आखूड करायचंय. तेच करतोय," तात्या म्हणाला आणि कामाला लागला.

तिन्हीसांजेपर्यंत त्याने झाडाला असं काही गोल केलं की बघत राहावं. प्रत्येक काटकी तिरकी कापलेली, एकसारखी. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी वाण राहिलं बाजूला, झाडाचंच कौतुक केलं. तात्या आतल्या खोलीत बसून ते सगळं ऐकत होता आणि त्याला फार बरं वाटलं.

फाल्गुनात डोंगरावरचे कांचन फुलले. तात्याच्या अंगणातल्या कांचनाला पालवी फुटली, हिरवीगार, गोल. फूल मात्र एकही नाही.

पुढच्या वर्षी तसंच. पुन्हा पौष, पुन्हा काटक्या, पुन्हा तात्याची कात्री. सारजाने या खेपेलाही सुरुवात केली. "आमच्याकडे ना, आई पौषात झाडाला..."

"पाणी घालत असेल. घालतो, दुप्पट घालतो. तू काळजी नको करूस, पोरी."

आणि खरंच घातलं. विहिरीवरून स्वतः घागरी आणल्या. सारजा दारात उभी राहून बघत होती.

फूल न येणाऱ्या झाडाचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटतं, ते सांगायला नको. पाणवठ्यावर बायका आधी हळू बोलत, मग मोठ्याने बोलू लागल्या. तिच्यामागून लग्न होऊन आलेल्या मुलींची फुलजेवणं उरकली, त्यांच्या कमरेला किल्ल्या आल्या. सारजा कुणाकडे बोलावणं आलं की जाई, पंगतीत वाढे आणि घरी येऊन पुन्हा आक्काकडे गुळाचा खडा मागे. किल्ली आक्काकडे होती ना. तिला वाईट वाटे. फार वाईट वाटे. पण ते ती कुणापुढे काढत नसे.

पाचवं वर्ष लागलं तेव्हा आक्काने एकदाचं ठरवलंच. जेवणं झाल्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "होळी झाली की हिने माहेरी जावं आणि दुसरं रोप घेऊन यावं. हे उपटून टाकू."

मुलाने मान वर केली. "आक्का, थोडं थांबू या की."

"चार वर्षं थांबलो. लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

पेठेत दुसरं रोप आणायला गेलेली एकच बाई होती. ती म्हातारी होऊन गेली तरी लोक तिला 'दुसऱ्या रोपाची' म्हणूनच ओळखत. तिची नातवंडंसुद्धा 'दुसऱ्या रोपाचीची नातवंडं' होती. सारजाला हे ठाऊक होतं. तिने उष्टी उचलली, खरकटं काढलं आणि भांडी घासायला परसात गेली. तिथे तिने फार वेळ लावला.

तात्याला त्या रात्री घास गोड लागला नव्हता. ही पोर अशी जाऊ नये, असं त्याला आतून वाटत होतं. पण करायचं काय? त्याला एकच गोष्ट चांगली येत होती. म्हणून त्या पौषात त्याने झाड आणखी मन लावून छाटलं. एकही काटकी सोडली नाही.

होळी तोंडावर आली. आक्काने सारजाचं बोचकं बांधायला घेतलं. गाडी सांगून ठेवली, होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची. अशात एका दुपारी भिंतीपलीकडून शेजारच्या कासारणीची हाक आली. ही कासारीण म्हणजे पेठेतल्या बायकांना बांगड्या भरणारी. दिवसभर बायकांच्या घोळक्यात बसणारी, तोंडाची सढळ.

"तात्या, अहो, तुमच्या झाडाची फांदी माझ्या अंगणात आलीय, आणि तिला..."

"कापून टाकतो," तात्या म्हणाला.

"पुरतं ऐका तरी."

पण तात्या कात्री घ्यायला आत गेलासुद्धा. कात्री खांद्यावर टाकून तो फाटकातून बाहेर पडला, वळसा घालून कासारणीच्या अंगणात शिरला आणि तिथेच थांबला.

त्याच्या गोठ्याचं छप्पर भिंतीला टेकलेलं होतं. त्या छपराखालून एक फांदी वाट काढत पलीकडे गेली होती. अलीकडून ती दिसत नव्हती, कात्री तिथवर पोचत नव्हती. त्या फांदीवर पान म्हणून नव्हतं. नुसती फुलं होती, जांभळट गुलाबी, बुडापासून टोकापर्यंत. मधमाश्यांचा आवाज चालला होता आणि खाली कासारणीच्या चौरंगावर पाकळ्या पडल्या होत्या.

"तेच सांगत होते," कासारीण म्हणाली. "आठ दिवस झाले फुलतेय. झाडालाही माणूस कळतं बरं का तात्या. तुमच्याकडे नाही फुललं, माझ्याकडे फुललं."

तात्याला आधी राग आला. खतपाणी आपण घालायचं आणि बहर शेजारणीला. त्याने तिची शिडी मागून घेतली, भिंतीला लावली आणि वर चढला. फांदी मुळापासून उतरवायची असंच त्याच्या मनात होतं.

वर गेल्यावर त्याला भिंतीच्या दोन्ही बाजू एकदम दिसल्या. पलीकडे त्याचं स्वतःचं अंगण, त्यात त्याचं गोल झाड. कात्री फांदीला लावायची म्हणून त्याने फांदी हातात धरली आणि फुलं कुठून आलीत ते बघितलं. गेल्या पावसाळ्यात वाढलेल्या काटक्यांवर आली होती. पौषात ज्या वाळक्या, पिंजारलेल्या दिसतात, त्याच काटक्या. मग त्याने आपल्या बाजूची एक फांदी ओढून बघितली. तिथेही त्या काटक्या असायला हव्या होत्या. तिथे तिरका काप होता. दुसऱ्या फांदीवर तिरका काप. तिसरीवर तोच. शिंप्याला आपली शिवण अंधारातही ओळखू येते, तसा तात्याला आपला काप ओळखू आला.

तो शिडीवर तसाच उभा राहिला. खाली कासारीण म्हणाली, "शिडी संध्याकाळी लागेल मला, आत्ता नाही. घ्या सावकाश."

आता तुम्ही म्हणाल, तात्या लगेच खाली उतरला आणि घरी धावला. तसं नाही झालं. माणूस होता तो. त्याच्या मनात आलं, की एक काप दिला तर फांदी खाली पडेल. कासारणीला काय कळतंय, ती आठ दिवस फुलांखाली बसून झाडाला आपण आवडतो एवढंच समजली. बाकी कुणाला तर कधीच कळणार नाही. आणि कळलं तर? पेठेत ज्याच्या कात्रीला तोड नाही त्या माणसाने तीन वर्षं स्वतःच्या सुनेचा बहर कापून टाकला, हे लोक किती वर्षं पुरवून पुरवून सांगतील? हातातली कात्री उघडी होती.

मग त्याला परसातून येणारा भांड्यांचा आवाज ऐकू आला. सारजा घासत होती. नेहमीपेक्षा हळू घासत होती, उद्या-परवा हे काम आपल्याला नाही अशासारखी. तात्याने कात्री मिटली आणि तो खाली उतरला.

घरी येऊन तो थेट परसात गेला आणि दगडावर बसला. सारजाने राखेचे हात बाजूला धरून पदर सावरला.

"सारजा, झाड का फुलत नाही ते कळलं मला."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "मला ठाऊक होतं, मामंजी."

"ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

तात्याच्या ओठांवर उत्तर तयार होतं, 'भीती वाटली असेल, समजलं.' पण या खेपेला त्याने ते गिळलं. तो थांबला. त्याला ते फार जड गेलं.

"बोलायला लागले होते," सारजा म्हणाली. "आई पौषात झाडाला हात लावत नाही, फुलं गळली की मगच छाटते, एवढंच सांगायचं होतं. पण पुढचं तुम्हीच म्हणायचात आणि कात्री घेऊन जायचात. पुन्हा हाक मारावी असं मनात यायचं. पण तुम्ही इतक्या मायेने करायचात, की माझा जीव होईना. मग म्हटलं, राहू दे."

तात्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने लपवलं नाही. नंतर उठला, पेठेत गेला आणि दारोदार सांगून आला, की उद्या आमच्याकडे फुलजेवण आहे. एक माणूस सारजाच्या माहेरी धाडला.

आक्का खवळली. "कसलं फुलजेवण? फूल आपल्या अंगणात यायला हवं. ते कासारणीच्या अंगणात आलंय. असं कधी ऐकलंय का?"

"झाड आपल्या अंगणात आहे आक्का," तात्या म्हणाला. "आणि कात्रीही आपल्याच घरची होती."

दुसऱ्या दिवशी पंगत कासारणीच्या अंगणात बसली, फुललेल्या फांदीखाली. यजमानीण असल्यासारखी कासारीण सगळ्यांना आग्रह करत होती, आणि तिला कुणी अडवलंही नाही. सारजाचे आईवडील भल्या पहाटे निघून वेळेवर पोचले. आईने आधी फांदी बघितली आणि मग लेकीला जवळ घेतलं.

वाढणं सुरू व्हायच्या आधी तात्या उभा राहिला. त्याला गर्दीपुढे बोलायची सवय नव्हती. "या पोरीचं झाड तिसऱ्याच वर्षी फुललं असतं," तो म्हणाला. "मी दर संक्रांतीला त्याच्या कळ्यांच्या काटक्या कापत आलो. तुम्ही त्या गोलाईचं कौतुक केलंत, मला ते गोड वाटलं. बोलणी हिने खाल्ली. ती खरं तर माझी होती."

मग कुणीतरी हसलं, मग दुसरं हसलं, आणि पुढे पेठेत तात्याला 'बहरकापे' असं नाव पडलं ते पडलंच. कुडतं शिवायला आलेला माणूससुद्धा आधी विचारी, "बाही ठेवणार ना तात्या?" तात्या हसून ते सोसत राहिला. पण त्या दिवशी पंगतीत बायकांपैकी कुणी हसली नाही. पाणवठ्यावर मोठ्याने बोलणाऱ्या दोघी उठल्या आणि सारजाजवळ जाऊन बसल्या.

तात्याने ओंजळभर फुलं सुनेच्या पदरात घातली. आक्काने कमरेची किल्ली सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला. शेवटी ती सुटली तेव्हा आक्का म्हणाली, "गूळ डाव्या हाताच्या मडक्यात आहे. तुला लागतो तेवढा घेत जा." आक्काला माफी मागता येत नसे. सारजाला ते समजलं.

पानं वाढली गेली. तात्याने सुनेला विचारलं, "आता झाडाचं काय करू, सांग."

सारजा सांगू लागली. फुलं गळू द्यायची, मग आत वळलेल्या काटक्या तेवढ्या काढायच्या, पौषात पाणी तोडायचं. बोलता बोलता तिथून ती आईच्या झाडाकडे गेली, तिथून स्वयंपाकघराकडे, तिथे उजेड कमी पडतो आणि पूर्वेच्या भिंतीत एक झरोका हवा, हे चार वर्षांत कुणाला म्हणता आलं नव्हतं. कुठे ती अडखळली, कुठे शब्द शोधत थांबली. दोनदा तात्याला पुढचं कळलं होतं. त्याने तोंड उघडलं नाही.

त्याच्या पानातली कढी गार झाली. तो ऐकत बसला.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यावर माया करायची त्याला आधी काय हवं ते विचारावं, आणि त्याचं सांगून संपेपर्यंत थांबावं.